बाळाला केराटिनची पावडर द्यायची का?

पत्र थोडक्यात असं: अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा १६ महिन्यांचा. रांगायला लागल्यापासून गुडघ्यांवर आणि तळहातांवर पाण्याने भरलेले फोड येतात, आता चालायला लागल्यावर तळपायांवर. थंडीत कमी असतात, होळीनंतर वाढतात, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास रोज नवा फोड. फोड बरा झाला की व्रण राहत नाही, काळपट डाग राहतो आणि काही आठवड्यांत तोही जातो. नखं, केस, वजन ठीक. सासूबाईंचं म्हणणं, “पोर्‍याना आंगमा गरमी शे,” म्हणून अंडं, गूळ, शेंगदाणे बंद आणि सब्जाचं पाणी सुरू. गावातल्या डॉक्टरांनी “केराटिन कमी असेल” असा अंदाज बोलून दाखवला, मेडिकलवाल्याने लगेच केराटिनच्या पावडरीचा डबा काढला. यजमानांच्या तळपायांना लहानपणापासून उन्हाळ्यात फोड येतात, सासऱ्यांच्या टाचा जाड आणि पिवळट आहेत, पण “ते आमचे चालण्याचे घट्टे, पोराचा काय संबंध” असं घरात म्हटलं जातं. उलट “गरोदरपणात नीट खाल्लं नाही, माहेरकडूनच आलं असेल” अशी कुजबुज आहे. आई फोड बाभळीच्या काट्याने फोडून, कातडी काढून, हळद भरते आणि वर चिकटपट्टी लावते. अंगणवाडीत इतर आयांनी तक्रार केल्यावर सेविकेने “बरं झाल्यावर आणा” असं सांगितलं. आईचे प्रश्न दोन: कोणती पावडर किती द्यायची, आणि दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नाही?

ताई,

पावडर घेऊ नका. घेतली असेल तर मुलाला देऊ नका, परत होत असेल तर करा.

केराटिन हे खाऊन भरून काढायचं द्रव्यच नाही. जीवनसत्त्व किंवा लोह बाहेरून घ्यावं लागतं. केराटिन मात्र ज्या पेशीला ते लागतं ती स्वतःच्या आत, स्वतःच्या जनुकावरून बनवते. डब्यातली पावडर पोटात गेली की इतर कुठल्याही प्रथिनासारखे तिचे तुकडे होतात, म्हणजे डाळीतून मिळतं तेच, फक्त महाग. कातडीवर चोळलं तरी ते जिवंत पेशीच्या आत शिरत नाही. पार्लरमधली केराटिन ट्रीटमेंट केसांच्या मेलेल्या भागावर चालते, आणि त्यातल्या काही द्रावणांतून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. ती गोष्ट लहान मुलाच्या आसपासही नको.

पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे “कमी आहे” हा अंदाजच बहुधा चुकीचा आहे. तुमच्या मुलाच्या कातडीत केराटिन भरपूर असणार. त्यातलं काही सदोष असण्याची शक्यता मोठी आहे. ऐकायला फरक बारीक वाटतो, उपचाराची दिशा मात्र त्यावर ठरते.

माणसाच्या शरीरात केराटिनची ५४ जनुकं आहेत आणि प्रत्येक प्रकारच्या आवरणपेशीची, म्हणजे कातडी आणि आतल्या अवयवांचं अस्तर बनवणाऱ्या पेशीची, आपली ठरलेली जोडी असते. यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींत केराटिन ८ आणि १८. कातडीच्या वरच्या थरांत १ आणि १०. तळहात-तळपायांवर त्यांच्या जोडीला ९. आणि कातडीच्या बाह्यथरात सगळ्यात खाली, जिथून नवी कातडी तयार होते त्या एका रांगेत, केराटिन ५ आणि १४. ही जोडी एकमेकींना पीळ घालते, अशा अनेक पिळांचा मिळून साधारण १० नॅनोमीटर जाडीचा तंतू होतो, आणि या तंतूंचं जाळं पेशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेलं असतं. खाली पायाशी आणि बाजूला शेजारच्या पेशींशी ते पक्क्या टाक्यांनी बांधलेलं असतं. कातडी घासली, ओढली, दाबली की तो ताण हे जाळं झेलतं.

दोर वळताना एक पदर चांगल्या कापसाचा आणि एक कुजक्या कापसाचा घेतला, तर दोर कुजक्या पदराच्या ताकदीचाच होतो. शेजारी चांगल्या कापसाचा ढीग घातला म्हणून तो मजबूत होत नाही. इथे तसंच आहे. केराटिन ५ किंवा १४ च्या दोन प्रतींपैकी एकीत चूक असली, तरी सदोष प्रथिन चांगल्याबरोबर वळलं जातं आणि सगळं जाळं कच्चं राहतं. मुलगा फरशीवर गुडघा घासतो तेव्हा तळच्या रांगेतल्या पेशी मधोमध फाटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. तोच फोड. तळाचा पाया शाबूत राहतो, म्हणून तो व्रण न राहता भरून येतो. तुम्ही लिहिलेलं “डाग राहतो, व्रण राहत नाही” हे वाक्य म्हणूनच मला पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटलं.

या आजाराचं नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स, बोलताना ईबी सिम्प्लेक्स म्हणतात. तो केराटिनच्या चुकीमुळे होतो हे १९९१ साली केराटिन १४ मध्ये आणि पाठोपाठ १९९२ मध्ये केराटिन ५ मध्ये सापडलं. माणसात केराटिनच्या बिघाडाने होणारा हा पहिला ओळखला गेलेला आजार. तुमचं वर्णन त्याच्या सौम्य प्रकाराशी जुळतं. पण पत्रावरून निदान होत नाही, आणि ईबीचेच, पण सिम्प्लेक्स नसलेले, दुसरे प्रकारही आहेत ज्यांत दोष केराटिनमध्ये नसून खालच्या थराला जोडणाऱ्या प्रथिनांत असतो. त्यांत व्रण राहतात, नखं जातात, बोटं आखडतात, तोंडातल्या फोडांमुळे दूध पिणं अवघड होतं. तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही, तरी तपासणी झालीच पाहिजे.

आता सासूबाईंच्या “गरमी”बद्दल. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, कारण आणि उपाय चुकले. उन्हाळ्यात हे फोड खरोखर वाढतात. एक तर घामाने ओलसर झालेली कातडी जास्त घासते. दुसरं, सदोष केराटिनचं जाळं उष्णतेने आणखी लवकर कोसळतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा दिवसा तापलेल्या अंगणात अनवाणी फिरणाऱ्या पोराचे तळपाय टिकणं अवघडच. पण ही उष्णता बाहेरची आहे, अंड्यातली किंवा गुळातली नाही. अंडं, डाळ, शेंगदाण्याचं कूट आजपासून परत सुरू करा. रोज जखमा भरून काढणाऱ्या मुलाचं प्रथिन तोडणं म्हणजे भरायचा वेग कमी करणं. शेंगदाणा अख्खा देऊ नका, या वयात घशात अडकतो. सब्जाचं पाणी सोडून द्या. सासूबाईंना “तुमचं चुकलं” म्हणण्यापेक्षा “उष्णतेनेच होतं, म्हणून त्याला गार ठेवायचं” असं सांगा. ते खरंही आहे, आणि कूलरसमोरची जागा मुलाला मिळेल.

फोडाकडे येऊ. इथे तुमच्याकडून काही गोष्टी नकळत उलट होत आहेत.

फोड फोडणं बरोबर आहे. बरेच जण तो “आपोआप जिरेल” म्हणून ठेवतात. भाजल्याचा फोड काही प्रमाणात थांबतो, हा थांबत नाही, कारण आजूबाजूच्या पेशीही तितक्याच कच्च्या असतात. आतल्या पाण्याचा दाब कडेची कातडी सोलत जातो आणि सकाळचा हरभऱ्याएवढा फोड संध्याकाळी रुपयाएवढा होतो. म्हणून लहान असतानाच पाणी काढायचं. पण बाभळीच्या काट्याने नाही, आणि वरची कातडी काढायची नाही. ती कातडी म्हणजे फुकटची, अंगाच्या मापाची पट्टी. ती काढली की खालचा भाग उघडा पडतो, आग होते आणि जंतूंना वाट मिळते.

पद्धत अशी. मूल पाजून किंवा झोपेत असताना करा. हात साबणाने धुवा. मेडिकलमध्ये इंजेक्शनची सुटी, सीलबंद निर्जंतुक सुई मिळते, बारीक घ्या. सुई कातडीला समांतर, आडवी धरून फोडाच्या सगळ्यात खालच्या कडेला, म्हणजे मूल ज्या स्थितीत जास्त असतं त्या स्थितीत जी बाजू खाली येते तिथे, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढा. दोन भोकं झाली की एक बुजलं तरी दुसऱ्यातून पाणी वाहतं. स्वच्छ गॉजने अलगद दाबा, पुसू नका. पुसणं म्हणजे घासणं. वरची कातडी तशीच खाली बसू द्या. सुई एकदाच वापरायची, मग घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिक डब्यात टाकून तो डबा आरोग्य केंद्रात द्यायचा.

त्यावर पॅराफिन गॉज, म्हणजे व्हॅसलीन लावलेली जाळीची पट्टी. परवडत असेल तर सिलिकॉनची न चिकटणारी पट्टी, ती जास्त दिवस टिकते आणि काढताना मूल रडत नाही. वर मऊ सुती गॉज, आणि तो जागेवर राहावा म्हणून नळीसारखी ताणणारी पट्टी किंवा जुना सुती मोजा, पुढचा भाग कापून. कातडीला चिकटणारी कोणतीही पट्टी नको. चिकटपट्टी काढताना जी कातडी निघते तो नवा फोडच असतो, आणि तुम्ही लिहिलंय की “फोडाच्या बाजूला चौकोनी फोड येतात.” ते आजाराने आलेले नाहीत, चिकटपट्टीच्या मापाचे आहेत. चुकून कुठे चिकटलीच तर ओढू नका. खोबरेल तेलाने किंवा कोमट पाण्याने १० ते १५ मिनिटं भिजवा, मग ती हळूहळू स्वतःवर दुमडत काढा. ड्रेसिंग एक-दोन दिवसांनी बदला, ओलं किंवा मळलं असेल तर लगेच.

हळद उघड्या जखमेत भरू नका. तिचा गोळा सुकतो, काढताना खालची नवी कातडी घेऊन निघतो, आणि जखमेचा रंग झाकून पू झालाय की नाही ते कळू देत नाही. टूथपेस्ट आणि तंबाखूची राख यांचंही तेच, किंबहुना वाईट. आणि एक कळकळीचं सांगणं: मेडिकलमध्ये “सगळ्या कातडीच्या आजारांवर एकच” म्हणून मिळणारी मिश्र मलमं, ज्यांत क्लोबेटासोलसारखं तेज स्टेरॉइड असतं, ती अजिबात लावू नका. ती कातडी आणखी पातळ करतात. आधीच फाटणाऱ्या कातडीवर यासारखं दुसरं वैर नाही.

आंघोळीला साधं पाणी झोंबत असेल तर मिठाचं वापरा: एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. अंगातल्या पाण्याएवढाच खारटपणा असल्याने आग होत नाही. जास्त मीठ टाकलं तर उलट जळजळेल, म्हणून मापानेच.

पू, वास, पिवळी खपली, फोडाभोवती पसरत जाणारी लाली, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, दूध-जेवण कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर घरचे उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. म्युपिरोसिनसारखं जंतुनाशक मलम फक्त जंतुसंसर्ग झालेल्या जागी, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस. रोज प्रत्येक फोडावर “असू दे” म्हणून लावत राहिलं तर जंतू त्याला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा ते चालत नाही.

फोड येऊच नयेत यासाठी जे करता येतं ते कंटाळवाणं आहे, पण औषधापेक्षा जास्त उपयोगी. काखेत हात घालून बाळाला उचलू नका, एक हात ढुंगणाखाली आणि एक मानेमागे-पाठीवर. बंडीच्या शिवणी आणि लेबल आतून बोचतात, कपडे उलटे घाला, आपल्या घरात कोण विचारणार आहे? चड्डीचं इलॅस्टिक सैल, नाडी नकोच. रांगताना गुडघ्यावर जुन्या सुती साडीच्या दोन-तीन घड्या शिवलेली सैल पायजमी. बूट मऊ चामड्याचे किंवा कापडी, आत शिवणीची कड नसलेले, अर्धा मापाने मोठे. प्लॅस्टिकची सँडल पाय तापवते आणि पट्ट्याखाली फोड आणते. मोज्यात चिमूटभर कॉर्नफ्लोर टाका, घाम शोषला जातो आणि घर्षण कमी होतं. उघड्या जखमेवर मात्र ते नको, आणि टाल्कम पावडर लहान मुलाच्या श्वासात जाते म्हणून तीही नको. चैत्र-वैशाखात बाहेर खेळणं सकाळी लवकर आणि दिवे लागल्यावर. मधल्या वेळात घरात, गार फरशीवर चटई टाकून.

लशी वेळेवरच द्या. नर्सताईंना आधी सांगा: स्पिरिट चोळू नका, नुसतं टेकवा, आणि टोचल्यावर चिकटपट्टीऐवजी कापूस हाताने धरून ठेवा. रक्त काढायचं झालं तर दंडाला पट्टा बांधण्याआधी खाली सुती कापड गुंडाळायचं.

आता तुमच्या पत्रात जे दोन ओळींत उरकलंय, पण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथेच आहे: यजमानांचे पाय. “चालण्याचे घट्टे” सगळ्यांनाच येतात हे खरं. पण शाळेत असल्यापासून, दर उन्हाळ्यात, थोडं चालल्यावर पाण्याने भरलेले फोड येणं हे सगळ्यांना होत नाही. आणि ईबी सिम्प्लेक्सच्या सौम्य प्रकारात वय वाढलं की फोड कमी होतात आणि टाचांची, तळव्यांची कातडी जाड होत जाते. सासऱ्यांच्या टाचांचं वर्णन वाचल्यावर तीन पिढ्यांची एक सरळ रेष दिसते. खात्री तपासणीनेच होईल, पण तुम्ही गरोदरपणात काय खाल्लं याचा आणि या रेषेचा काडीचा संबंध नाही. केराटिनच्या जनुकातली चूक भाकरी खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने होत नाही.

मात्र हे घरात सांगताना दोष माहेरावरून सासरवर ढकलू नका. यजमानांनाही ती चूक त्यांच्या वडिलांकडून न विचारता मिळाली. त्यांना बरोबर घेऊनच दवाखान्यात जा, आणि जाताना त्यांच्या पायांचे उन्हाळ्यातले फोटो मोबाइलमध्ये असू द्या. डॉक्टरांना बाळाच्या फोडाइतकीच त्या फोटोंची गरज आहे. यजमान यायला तयार नसतील तर “बाळासाठी तुमचा इतिहास लागतो” एवढंच म्हणा.

कुठे जायचं? जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला त्वचारोग विभाग ही पहिली पायरी. तिथे दोन वाटा असतात. एक, कातडीचा छोटा तुकडा घेऊन फाट नेमकी कोणत्या पातळीवर आहे ते प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाने बघणं. त्यासाठी डॉक्टर स्वतः कातडी हलकेच घासून ताजा फोड तयार करतात आणि त्याच्या कडेचा तुकडा घेतात. दिवसभर जुन्या फोडाखाली नवी कातडी येऊ लागलेली असते आणि फाटीची पातळी चुकीची दिसते, म्हणून “घरचा मोठा फोड दाखवू” असं ठरवून जाऊ नका. तुकडा साध्या फॉर्मलिनमध्ये टाकला तर ही तपासणी होत नाही, तो मिशेलच्या द्रावणात जावा लागतो. एवढं आधी विचारून घेतलं तर मुलाला दुसऱ्यांदा टोचावं लागणार नाही.

दुसरी वाट जनुक तपासणी. बाळाचं दोन-तीन मिलि रक्त, जांभळ्या झाकणाच्या नळीत. फोडांच्या आजारांच्या सगळ्या जनुकांचा संच एकदम तपासतात, त्यात केआरटी ५ आणि केआरटी १४, म्हणजे केराटिन ५ आणि १४ ची जनुकं, असायलाच हवीत. नमुना मुंबई-पुणे-हैदराबादकडच्या प्रयोगशाळेत जातो, अहवालाला काही आठवडे लागतात, आणि खर्च प्रयोगशाळेगणिक बराच बदलतो, म्हणून नमुना देण्याआधीच रक्कम विचारा. मुंबईचं केईएम रुग्णालय हे २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे. त्वचारोग विभागाची चिठ्ठी घेऊन तिथे जाता येतं. तुमच्यासारख्या घरात, जिथे तीन पिढ्यांत लक्षणं दिसतात आणि व्रण नाहीत, डॉक्टर कातडीचा तुकडा न घेता थेट रक्ताची तपासणीही सुचवू शकतात. मला तेच बरं वाटतं.

अहवालात कधीकधी “अर्थ अनिश्चित” असा शेरा येतो. म्हणजे बदल सापडला, पण तो आजाराचा आहे की निरुपद्रवी हे माहीत नाही. तेव्हा यजमानांचं आणि सासऱ्यांचं रक्त उपयोगी पडतं: लक्षणं असलेल्या सगळ्यांत तो बदल सापडला आणि नसलेल्यांत नाही, तर वजन वाढतं. हा शेरा आला म्हणून तपासणी फुकट गेली असं समजू नका.

दुसऱ्या मुलाचं. यजमानांना हाच दोष असल्याचं ठरलं, तर प्रत्येक गरोदरपणात तो मुलाला जाण्याची शक्यता दोनात एक. मुलगा असो की मुलगी, सारखीच. पहिल्याला झालं म्हणून दुसऱ्याला होणार नाही असं गणित नाही, आणि होणारच असंही नाही. गरोदरपणात तपासायचं ठरलं तर साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलातून तपासता येतं, पण त्यासाठी घरातला नेमका बदल आधी सापडलेला असावा लागतो. म्हणून विचार असेल तर तपासणी दिवस जाण्याआधी, नंतर नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने आनुवंशिक आजारासाठीची अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते, लिंग कोणीही सांगत नाही आणि विचारायचंही नाही.

पण तपासता येतं म्हणून तपासलंच पाहिजे असं नाही, ताई. तुम्ही विचारलंय “विचार करावा की नाही”, जणू हा आजार असला की उत्तर एकच. तुमचे सासरे याच पायांनी शेती करत आले, यजमान कामाला जातात. सौम्य प्रकारात आयुर्मान कमी होत नाही, बुद्धीवर, वाढीवर परिणाम होत नाही. त्रास आहे, तो उन्हाळ्यात खूप आहे, आणि तो आयुष्यभर सांभाळावा लागतो. काही जोडपी हे जाणून तपासणीशिवाय दुसरं मूल होऊ देतात, काही तपासतात, काही एकावर थांबतात. तिन्ही निर्णय समजूतदार आहेत. फक्त तो निर्णय तुम्हा दोघांचा असावा, कुजबुजीचा नसावा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: आईवडील दोघांनाही काहीच लक्षण नाही आणि नातं मामा-भाचीचं किंवा मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नाचं असेल, तर गणित वेगळं असू शकतं, चारात एक. आणि घराण्यात कुणालाच नसताना एका मुलात नवा बदलही होतो, तेव्हा पुढच्या भावंडाचा धोका खूप कमी असतो. “दोनात एक” हा आकडा वाचून प्रत्येकाने स्वतःला लावू नये. बाळाचे तळहात-तळवे पहिल्या वर्षातच पिवळट जाड होत असतील आणि कडेला लाल रेघ असेल तर केराटिन ९ चा विचार होतो. नखं जाड, वाकडी आणि तळवे दुखरे असतील तर ६, १६ किंवा १७ चा. जन्मतः सोललेली, फोडांची कातडी पुढे खवलेदार होत गेली तर १ किंवा १० चा. या सगळ्यांचे डॉक्टर तेच, त्वचारोग विभाग.

आणखी एक, कारण आपल्याकडे गुटखा-तंबाखूमुळे तोंडाच्या गाठीचे अहवाल घरोघरी येतात: त्यात “केराटिन पर्ल” किंवा “सायटोकेराटिन पॉझिटिव्ह” वाचून कुणी केराटिनचा आजार शोधू नये. गाठ आवरणपेशींची आहे हे ओळखायला पॅथॉलॉजिस्ट केराटिनची खूण वापरतात, एवढाच त्याचा अर्थ. तिथे प्रश्न कॅन्सरचा आहे आणि घाई त्याची करायची.

राहिली अंगणवाडी. हे फोड स्पर्शाने, कपड्याने, एका ताटात खाल्ल्याने लागत नाहीत. मात्र इतर आयांची भीतीही अगदीच निराधार नाही, कारण इम्पेटिगो म्हणजे जंतूंचे फोड आणि कांजिण्या लागतात आणि लांबून सारखेच दिसतात. म्हणून नुसतं “लागत नाही हो” म्हणून भागणार नाही. त्वचारोग विभागाकडून “हा आजार आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाही, मूल अंगणवाडीत येऊ शकतं” अशी शिक्क्याची चिठ्ठी घ्या आणि तिची झेरॉक्स सेविकेला द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला आवर्जून न्या. पथकाच्या डॉक्टरांनी सेविकेसमोर सांगितलं तर गावात ते जास्त टिकतं, आणि जिल्हा रुग्णालयाकडे संदर्भही तिथूनच मिळतो. सेविकेला तीन गोष्टी सांगून ठेवा: हाताला धरून ओढायचं नाही, बूट काढायचे नाहीत, दुपारी तापलेल्या अंगणात सोडायचं नाही. जखमेला पू असेल त्या दिवशी मात्र तुम्ही स्वतःहून घरी ठेवा.

आणि यजमानांसाठीही मोज्यात कॉर्नफ्लोर, दुपारी एकदा मोजे बदलणं, शेतात जाताना रबरी गमबूट टाळून मऊ कापडी बूट. तळव्यांना फारच घाम येत असेल तर ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण रात्री लावायला डॉक्टर देतात, फोड आणि भेगा नसलेल्या कोरड्या कातडीवरच. जाड टाचा ब्लेडने तासू नयेत, खालची कातडी फाटते. कोमट पाण्यात भिजवून युरियाचं मलम लावलं की कड मऊ होते. वडिलांचे पाय आधी बरे झाले तर आजोबाही दाखवायला तयार होतील, आणि तिसऱ्या पिढीचं रक्त मिळेल.